तीन बोटं

शिरोलीत, भट्ट्यांच्या रांगेत, माझं काम एवढंच:
ओतलेल्या लोखंडाच्या पोटात राहून गेलेली हवा शोधायची.
व्हॉल्व्ह, पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं गिअरबॉक्स.
एका अंगाला फिल्म, दुसऱ्या अंगाला इरिडियमचा दाणा,
तांदळाच्या कणीएवढा.
त्याच्याकडं आपण बघायचं नसतं.
बघायचं काम त्याचं.

आणि आमच्या मध्ये ही भिंत. दोन फूट.

ओतायला घेतली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.
मार्च. हायवेवर उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या.
टोपच्या खाणीतली काळी खडी,
आणि हेरल्याचे दस्तगीर नदाफ मिस्त्री.
नारळ फुटला. त्यांनी खिशातनं गुळाचा खडा काढला,
पहिल्याच घमेल्यात टाकणार, तोवर मी ओरडले,
"मिस्त्री, गूळ नको! गोड पडलं की सिमेंट आळत नाही."
"आसं व्हय? मग बाई, तोंड तुमीच गोड करा."
निम्मा खडा मी खाल्ला,
निम्मा त्यांच्या पोरानं.

एका दमात ओतायची होती. सांधा चालत नाही.
सांध्यातनं जे निघेल
त्याला रंग नसतो, वास नसतो, पायाचा आवाज नसतो.
तावडे हॉटेलपाशी एक मिक्सर अडकला
तेव्हा मिस्त्रींनी फोनवर ज्या शिव्या हासडल्या
त्याही बहुतेक आतच आळल्या असतील.
मग अठ्ठावीस दिवस ओली गोणपाटं,
सकाळ-संध्याकाळ पाणी,
बाळंतिणीसारखी बडदास्त.

हिशेब मी नव्या पोरांना बोटांवर शिकवते.
तीन बोटं काँक्रीट: निम्मं.
आणखी तीन बोटं: निम्म्याचं निम्मं.
असं तेरा वेळा.
"मग शेवटी शून्य ना मॅडम?"
दर वर्षी एक तरी विचारतोच.
नाही रे. आठ हजारांत एखादा निघतोच पलीकडं,
अंगावर ओरखडा नाही,
जत्रेतनं कुणाचा धक्का न लागता आलेल्या माणसासारखा.
तो मोजायचा. वहीत लिहायचा. सही करायची.

दाणाही काही अमर नाही.
चौऱ्याहत्तर दिवसांत आपला आपण निम्मा होतो,
मग आणखी निम्मा,
शेवटी डब्यात बसून परत जातो, नवा येतो.
भिंत तीच.

पहिल्याच तपासणीला
गुडघ्याएवढ्या उंचीवर मीटर तडतडायला लागलं,
तेलात मोहरी पडावी तसं.
जागा तळहाताएवढी. वीतभर सरकलं की शांत.
मिस्त्री लुनावरनं आले. उकिडवे बसले.
बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला,
बराच वेळ कान काढलाच नाही.
"हितं जमीर हुता नीडलवर.
डोळा लागला आसंल प्वाराचा."

दोन मिनिटांची झोप. तेवढीच हवा.
लोखंडात जे दिवसभर हुडकते
ते आमच्याच भिंतीत निघालं.

भोक पाडून ग्राउट भरलं, वर शिशाचा पत्रा ठोकला.
मीटर गप्प झालं, म्हणजे गप्प म्हणावं इतपत.
मिस्त्रींनी त्या दिवसाची हजेरी घेतली नाही.

जमीर आता माझ्याकडंच असतो.
छातीवर बिल्ला, हातात वही, अक्षर माझ्यापेक्षा बरं.
दुपारी दाणा कुलपात गेला,
किल्ली माझ्या कमरेला आली,
की तो डबा सोडतो, भाकरी खातो
आणि त्याच पत्र्याला पाठ टेकून बसतो.
गार लागतो म्हणे.

बसल्या बसल्या मान कलते त्याची.
मी लगेच उठवत नाही.
घड्याळाकडं बघते. दोन मिनिटं.
कधी चार.